नायगाराच्या अलीकडे आणि पलीकडे

कॅनडात, मिसिसागाला बहिणीकडचे दिवस गप्पा मारण्यात आणि जेवणावळीत संपले. नायगाराचा धबधबाही पाहून झाला. बोटीतून भिजून आलो, पाणी थक्क करतं, त्यावर आजवर पुष्कळांनी लिहिलंय. क्लिफ्टन हिलचा झगमगाट मात्र मला मुळीच आवडला नाही. एवढ्या देखण्या जागेला लागून मेणाचे पुतळे आणि भुताचे बंगले कशाला हवेत? गर्दीला कंटाळून भाचा मला मागच्या गल्लीतल्या एका पबमध्ये घेऊन गेला. "मावशी, इथे इथलीच माणसं येतात," म्हणाला. ऑगस्ट २०२५ ची ती संध्याकाळ माझ्या मनातून अजून जात नाही.

आमच्या शेजारी काउंटरवर ओहायोहून आलेलं एक जोडपं बसलं होतं. साठीच्या आसपासचे, हसतमुख. गृहस्थांनी बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, मागितली. काउंटरमागची मुलगी म्हणाली, "सॉरी सर, अमेरिकन काहीच नाही. साठा संपला, आणि आता मिळतही नाही." सॉरी ती अगदी मनापासून म्हणाली, पण माघार घेण्याचा सूर त्यात नव्हता.

भाच्याने मला हळू आवाजात सगळं समजावलं. कॅनडाच्या या ऑन्टारिओ प्रांतात दारूचा घाऊक व्यवहार एलसीबीओ या सरकारी महामंडळाकडे आहे. ट्रम्प यांनी कॅनडाच्या मालावर आयातशुल्क लावलं, त्याला उत्तर म्हणून ४ मार्च २०२५ ला महामंडळाने अमेरिकेची सगळी दारू दुकानांतून उतरवली. पबवाल्यांनाही बाहेरून आलेली दारू त्यांच्यामार्फतच मिळते, त्यामुळे इथला साठा संपल्यावर विषयच मिटला. पण लोकांना राग शुल्कापेक्षा जास्त आला तो 'कॅनडाने अमेरिकेचं ५१ वं राज्य व्हावं' या ट्रम्प यांच्या बोलण्याचा, असं तो म्हणाला. एरवी शांत असणारा हा मुलगा ते सांगताना लालबुंद झाला होता.

ओहायोचे गृहस्थ चिडले नाहीत. त्यांनी नळांच्या रांगेकडे बोट दाखवलं, "मग ही बडवायझर कशी काय?"

"ती इथेच बनते. लबॅट बनवतात. १९८० पासून."

"पण बिअर तर आमची!"

कोपऱ्यात एक निवृत्त गृहस्थ एकटेच बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "तुमची कुठली? २००८ मध्ये बेल्जियमच्या कंपनीने घेतली."

"आणि तुमची लबॅट?"

"तीही त्यांनीच घेतली. तुमच्या आधी. १९९५ ला."

सगळा काउंटर हसला. मग हिशेबच निघाला. मोल्सन १७८६ पासून मॉन्ट्रियलची, पण २००५ मध्ये ती कोलोराडोच्या कूर्समध्ये विलीन झाली. गुएल्फची स्लीमन २००६ पासून जपानच्या सप्पोरोकडे. म्हणजे त्या नळांतून जे येत होतं त्यातल्या बहुतेकाची मालकी कुठल्या तरी तिसऱ्याच गावी.

मग निघाला तो जुना वाद: अमेरिकन बिअर पाणचट, कॅनडाची जोरदार. भाच्याने मुद्दाम दोन कॅन मागवले, बडवायझर आणि मोल्सन कॅनेडियन, आणि शेजारी शेजारी ठेवून आम्हाला लेबलं वाचायला लावली. दोन्हींवर पाच टक्के. ओहायोच्या बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. वडिलांच्या वेळेपासून आपण उलटंच ऐकत आलो, म्हणाल्या. कोपऱ्यातल्या आजोबांना याची सगळी कुंडली ठाऊक होती, कारण त्यांची हयात बिअरच्या कारखान्यात गेली होती. अमेरिकेत अल्कोहोलचं प्रमाण पूर्वी वजनाने सांगायचे, कॅनडात आकारमानाने. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलका, म्हणून तीच बिअर वजनाने मोजली तर चार टक्के आणि आकारमानाने मोजली तर पाच टक्के भरते. त्यात १९३५ च्या कायद्याने अमेरिकेत बिअरच्या लेबलवर हे प्रमाण छापायलाच बंदी होती. कूर्सने न्यायालयात दाद मागितली तेव्हा कुठे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. इतकी वर्षं आकडाच समोर नाही म्हटल्यावर ऐकीव गोष्टींना ऊत येणारच.

वातावरण छान जमलं होतं. तेवढ्यात ओहायोच्या बाई प्रेमाने म्हणाल्या, "बघा, म्हणजे आपण सगळे एकच. तुम्ही फक्त थोडे जास्त सभ्य."

काउंटरमागच्या मुलीने पुसायला घेतलेला ग्लास खाली ठेवला. आजोबा क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी २००० सालच्या मोल्सनच्या जाहिरातीची गोष्ट काढली. चौकड्याचा शर्ट घातलेला एक तरुण मंचावर येतो आणि आपण इग्लूत राहत नाही, आपल्याकडे पंतप्रधान असतो, राष्ट्राध्यक्ष नव्हे, असं एकेक करत आवाज चढवत नेतो आणि शेवटी 'मी कॅनेडियन आहे' म्हणून गरजतो. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ते भाषण पोरांना तोंडपाठ असायचं. त्याच अभिनेत्याने मार्च २०२५ मध्ये नवा व्हिडिओ केला, तोही आजोबांनी पाहिला होता. "तेव्हा ऐकायला मजा यायची," ते म्हणाले. "या वर्षी मजा वाटत नाही, मॅडम."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आजोबांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या लक्षातच आलं नव्हतं." पुढे बराच वेळ ते नातवंडांबद्दल बोलत बसले.

न्यू जर्सीतले आमचे नातेवाईकही बिनदिक्कत म्हणतात, कॅनडा काय नि अमेरिका काय, सारखंच. मला हे बोलणं आता खटकतं. आठपट लोकसंख्येचा शेजारी आपलेपणाने 'एकच' म्हणतो तेव्हा धाकट्याला आपलं वेगळेपण कशाच्या तरी आधाराने सांगावं लागतं, आणि रोज संध्याकाळी हातात असतो तो ग्लास. त्याचा मालक बेल्जियममध्ये आहे की अमेरिकेत, याने त्या भावनेला काही फरक पडत नाही. ज्यांना हा देशाभिमान पोरकट वाटतो त्यांनी त्या आजोबांसमोर बसून पाहावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेनबो पूल चालत ओलांडला. हे प्रत्येकाने करावं; पायवाट उजव्या, धबधब्याच्या बाजूच्या कठड्याने जाते. मधोमध दोन देशांची हद्द दाखवणारी पाटी आहे, तिथे फोटोसाठी रांग असते. अमेरिकन बाजूच्या तपासणीत मात्र फार ताटकळलो, आणि उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना साधी बसायची सोय नाही याचा मला संताप आला. भाचा वीस वर्षांचा. ऑन्टारिओत एकोणिसाव्या वर्षी पिता येतं, न्यूयॉर्क राज्यात एकवीस लागतात. आदल्या रात्री बिअरवर अधिकाराने बोलणारा मुलगा पलीकडच्या बफेलो शहरात कोक घेऊन बसला.

आणि बफेलोच्या त्या बारच्या खिडकीत निऑनची पाटी कुठली, तर लबॅट ब्लूची! शेजारी बसलेल्या माणसाने अभिमानाने सांगितलं, "आमच्या गावाची बिअर." हा माणूस बफेलो सेबर्स या आइस हॉकी संघाचा कट्टर चाहता. फेब्रुवारीत मॉन्ट्रियलला हॉकीच्या सामन्याआधी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली गेली आणि पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या, ते पाहून त्याला फार लागलं होतं. "पण आम्ही सोडलं नाही," तो म्हणाला. सेबर्सच्या घरच्या प्रत्येक सामन्याआधी दोन्ही देशांची राष्ट्रगीतं होतात, समोरचा संघ फ्लोरिडाचा असला तरी. आणि लोक 'ओ कॅनडा' नुसतं ऐकत नाहीत, गातात. भाच्याला हे ठाऊक होतं, पण एका अमेरिकन माणसाकडून इतक्या आपुलकीने ऐकताना तो हरखून गेला.

त्या माणसाची कॅनडाबद्दल एकच तक्रार होती: टोरंटोचा सामना असला की तिथले लोक पूल ओलांडून येतात, निम्म्या खुर्च्या बळकावतात आणि बफेलोतच बफेलोवाल्यांना ओरडून गप्प करतात. सभ्य म्हणे! भाच्याने लगेच फोन काढून टोरंटोच्या सामन्याची तारीख शोधली, आणि आपण कुठल्या रंगाची जर्सी घालून येणार तेही त्याला तिथेच सांगून टाकलं.