कॅलिफोर्नियातलं मॅरेज लायसन्स: माझा अनुभव, आणि नावाचे ते रकाने

आमचं लायसन्स सांता क्लारा काउंटीतून काढलेलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी). त्यानंतर बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, ओळखीच्या बऱ्याच मराठी जोडप्यांचे फॉर्म तपासून दिले. सगळ्यांचं घोडं अडतं ते एकाच ठिकाणी, नावाच्या रकान्यांपाशी. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो, बाकीचं पटापट.

लायसन्स लग्नाच्या आधी काढायचं असतं. ही लग्नाची परवानगी; नोंदणी विधी झाल्यावर होते. कॅलिफोर्नियात त्यासाठी तिथले रहिवासी असावं लागत नाही, नागरिकत्वाची अट नाही, रक्ततपासणी नाही, थांबायचा कालावधीही नाही. फॉर्म ऑनलाइन भरून ठेवता येतो, पण नेहमीच्या पद्धतीत दोघांनीही काउंटी क्लर्कच्या ऑफिसात हजर राहावं लागतं. पासपोर्ट पुरतो. आधीचं लग्न मोडलं असेल तर ते कधी आणि कसं संपलं याची तारीख लागते, आणि काही काउंट्या घटस्फोटाच्या निकालाची प्रतही मागतात. फी काउंटीप्रमाणे बदलते, साधारण शंभर डॉलरच्या आसपास धरा.

लायसन्सची मुदत 90 दिवस. मुहूर्त त्याच्या आत बसला पाहिजे, नाहीतर नवा अर्ज आणि नवी फी. लग्नाच्या महिनाभर आधी काढावं असं मी सांगतो. पब्लिक लायसन्स, म्हणजे नेहमीचा प्रकार, कॅलिफोर्नियात कुठेही चालतं, पण राज्याबाहेर नाही. लेक टाहोला लग्न करणाऱ्यांनी हे नीट बघावं, कारण तळ्याचा अर्धाअधिक किनारा कॅलिफोर्नियात असला तरी उरलेला नेवाडात आहे. हॉल सीमेपलीकडे असेल तर हा कागद तिथे निरुपयोगी. ‘कॉन्फिडेन्शियल’ नावाचा दुसरा प्रकारही आहे. त्यात साक्षीदार लागत नाही, पण दोघं आधीपासून एकत्र राहत असावे लागतात आणि नोंदीची प्रत फक्त नवराबायकोलाच मिळते. नंतर भारतात परतायचा विचार असेल तर पब्लिकच घ्या. त्याची प्रत काढायला इथला भाऊ किंवा बहीणही चालते.

आता नावं. पासपोर्टवर आपल्याकडे ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. लायसन्सवर पहिलं, मधलं आणि शेवटचं असे वेगळे रकाने आहेत. वडिलांचं नाव मधल्या रकान्यात आलं का, हे खिडकीवरच तपासा. दोघांच्याही आईवडिलांची जन्माच्या वेळची पूर्ण नावं आणि जन्मस्थानं लागतात. म्हणजे आईचं माहेरचं नाव, सासरचं नव्हे. आपल्या आधीच्या पिढीत लग्नात पहिलं नावही बदलायचे, त्यामुळे आईला ‘जन्माचं नाव काय होतं’ असं स्पष्ट विचारून घ्या. ऑफिसात उभं राहून पुण्याला फोन लावायचा तर तिथे मध्यरात्र असते.

खरी मेख लग्नानंतरच्या नावाची. 2009 पासून कॅलिफोर्नियात नवरा किंवा बायको, कुणीही लायसन्सवरच नवं नाव लिहू शकतो. पण काय लिहायचं हे कायद्याने आखून दिलंय. समजा स्नेहा अनिल कुलकर्णीचं लग्न रोहन जोशीशी होतंय. आडनाव जोशी करता येतं, किंवा कुलकर्णी-जोशी. मधलं नाव तसंच ठेवता येतं, म्हणजे स्नेहा अनिल जोशी. मधल्या जागी आडनाव घालता येतं, म्हणजे स्नेहा कुलकर्णी जोशी. पण ‘स्नेहा रोहन जोशी’ होत नाही! मधल्या नावासाठी दोघांची आडनावं, किंवा मधलं नाव आणि आडनाव यांची जोडणी, एवढेच पर्याय आहेत. नवऱ्याचं पहिलं नाव त्यात बसत नाही. स्वतःचं पहिलं नावही इथे बदलता येत नाही. ते हवंच असेल तर कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो, त्याची फी वेगळी आणि वेळ वेगळा.

शिवाय हा निर्णय लायसन्स हातात पडण्याआधीच करावा लागतो. नंतर ‘राहून गेलं, घाला’ चालत नाही. दुरुस्ती होते ती लेखनिकी चुकीचीच. तिला व्हीएस 24सी हा फॉर्म आहे, पण मूळ नोंद खोडली जात नाही, दुरुस्तीचं पान तिला जोडलं जातं. दोघांचं एकमत होत नसेल तर तो रकाना कोरा सोडावा, असं माझं मत. जुनंच नाव कायम राहतं आणि भारतीय पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं यांचा मेळही बिघडत नाही.

लग्नाच्या दिवशी कागद गुरुजींच्या हाती जातो. गुरुजींनी कुठे नाव नोंदवलेलं असण्याची कॅलिफोर्नियात गरज नाही. वय 18 पूर्ण आणि आपल्या धर्मपरंपरेनुसार लग्न लावायचा अधिकार, एवढं पुरतं. फक्त त्यांना दोन गोष्टी बजावून सांगा. एक, तारीख आधी महिना, मग दिवस. 7 डिसेंबरचं लग्न आपल्या सवयीने 07/12 लिहिलं की तिथे 12 जुलै होतो. दुसरं, गाव आणि काउंटी लिहायची ती लग्न झालं तिथली, लायसन्स दिलं तिथली नव्हे. काळी शाई वापरा. खाडाखोड किंवा व्हाइटनर दिसला की कागद परत येतो आणि फी भरून डुप्लिकेट घ्यावं लागतं. साक्षीदाराची एक सही सक्तीची, फार तर दोन. तिसरीला जागाच नाही, त्यामुळे कोणत्या काकांना मान द्यायचा हे आदल्या दिवशी ठरवा.

विधी झाल्यापासून 10 दिवसांत सह्या झालेला मूळ कागद ज्या काउंटीने दिला तिच्याकडे परत जायला हवा. जबाबदारी गुरुजींची, पण ते उद्या दुसऱ्या लग्नाला निघालेले असतात. पाकीट आणि ट्रॅकिंगचं तिकीट तुम्हीच तयार ठेवा. वाटेत हरवलं तर डुप्लिकेटसाठी मूळ लायसन्स दिल्याच्या तारखेपासून वर्षाची मुदत असते.

सर्टिफिकेट आपोआप घरी येत नाही. नोंद झाल्यावर पैसे भरून प्रमाणित प्रत मागवावी लागते. तिचे दोन प्रकार आहेत, त्यातली ‘ऑथराइज्ड’च घ्या. ‘इन्फर्मेशनल’ प्रतीवर ती ओळख सिद्ध करायला वैध नाही असं छापलेलं असतं. टपालाने ऑथराइज्ड प्रत मागवताना शपथपत्र नोटरीसमोर सही करून जोडावं लागतं, आणि अर्ज परत येतात ते बहुधा ते जोडलेलं नसतं म्हणूनच. तीन प्रती एकदम काढा. भारतात वापरायची असेल त्या प्रतीवर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेलं सरकारी प्रमाणपत्र, घ्यावं लागतं, शुल्क 20 डॉलर. अपॉस्टील मान्य करणाऱ्या देशांच्या हेग करारात भारत 2005 पासून आहे. झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून पाठवू नका. इथल्या नोटरीला विवाहनोंदीची प्रत प्रमाणित करण्याचा अधिकारच नाही. अपॉस्टील मिळतं ते काउंटी अधिकाऱ्याच्या सहीचं, त्यामुळे सही असलेली मूळ प्रमाणित प्रतच जायला हवी.

रजिस्टर लग्न इथे आणि थाटाचं लग्न भारतात, असं करणाऱ्यांनी लग्नाची तारीख म्हणून पुढे प्रत्येक फॉर्मवर, इमिग्रेशनचा असो वा ओसीआयचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड), इथली, सर्टिफिकेटवरचीच लिहावी.