आधी वारं कुठनं जातंय बघ

(टेक्निकल तुकडी, दहावी १९७५)

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं. 'शाळेच्या आठवणी, पाचशे शब्दांत.' पाचशे शब्द कानस सरांच्या एका बाकालासुद्धा पुरायचे नाहीत, त्यामुळे ती अट मी पाळणार नाही. समितीला कात्री चालवायचीच असेल तर खाली माझ्या धंद्याविषयी जे आलंय त्यावर चालवावी. सरांचा मजकूर तेवढा शाबूत ठेवावा.

बाकीच्या शिक्षकांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी रागावू नये. मराठीच्या बाईंनी पाठ करून घेतलेल्या ओव्या अजून येतात. पीटीच्या सरांची शिट्टी अजून कानात आहे. पण ज्यावर माझं घर चाललं, ते मागच्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळालं. आमच्या वर्षी नवी दहावी आणि जुनी अकरावी अशा दोन बॅचेस एकदम बाहेर पडल्या होत्या. कॉलेजात प्रवेशासाठी ही झुंबड! त्या गर्दीत माझ्यासारख्या पन्नास टक्केवाल्याचं काय झालं असतं, हे मी कधीकधी बायकोला सांगतो. ती म्हणते, आता पुरे.

सरांना कानस सर का म्हणायचे ते आठवीत पहिल्याच तासाला कळायचं. सबंध सहामाही दुसरं काही नाही, फक्त कानस. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि चारी बाजू काटकोनात आणायच्या. सर तुकडा हातात घेत, ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावत आणि खिडकीतल्या उजेडाकडे धरत. फटीतून उजेड दिसला की तुकडा परत. बोलणं नाही, मारणं नाही. ट्रायस्क्वेअरखालून येणारी ती उजेडाची बारीक रेघ हाच शेरा. आमच्यातल्या एकानं तर त्या रेघेला वैतागून टेक्निकल सोडलं आणि संस्कृत घेतलं.

शेडच्या कोपऱ्यात अपघातात सापडलेल्या एका स्कूटरचं इंजिन लोखंडी घोडीवर बसवलेलं होतं. वेस्पा १५०, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) सत्तावन्न मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) सत्तावन्न. फ्लायव्हीलवरच पंखा आणि त्यावर पत्र्याचं कव्हर. त्या काळी गावातल्या हौशी पोरांत फॅन कव्हर काढून स्कूटर फिरवायची टूम निघाली होती. इंजिन उघडं दिसलं की रुबाब, आणि वर त्यांचं म्हणणं असं की उघडं राहिलं तर थंडही राहतं. सरांनी आम्हाला वाद घालू दिला. मग सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पाकळ्यांवर, मेणबत्तीचे ठिपके पाडले आणि इंजिन चालवलं, एकदा कव्हर लावून, एकदा काढून. कव्हर काढल्यावर पलीकडच्या बाजूचं मेण बघता बघता ओघळलं. "पंखा नुसतं वारं देतोय," सर म्हणाले, "त्याला वाट पत्रा दावतोय. आधी वारं कुठनं जातंय बघ, मग पाना उचल."

हे वाक्य मी आयुष्यभर फुकट वापरत आलोय.

आता डॉक्टरांच्या गाडीकडे येतो, कारण मला खरं तेच सांगायचंय. शाळेच्या कमिटीवरचे डॉक्टर आणि त्यांची फोक्सवॅगन सगळ्यांना माहीत आहे. दहावीचा निकाल लागून आम्ही काहीजण सुट्टीत शेडमध्ये सरांच्या हाताखाली राबत होतो, तेव्हाची गोष्ट. पन्नासच्या दशकातली बीटल. इंजिन मागे, ११९२ सीसी, तीस हॉर्सपॉवर. चार सिलिंडर दोन-दोन करून आडवे निजलेले. पाणी नाही, रेडिएटर नाही. कूलिंगचा पंखा डायनामोच्याच शाफ्टवर, म्हणजे बेल्ट तुटला की चार्जिंगही गेलं आणि वाराही. पेट्रोलपंपावरची पोरं पाणी बघायला पुढचं झाकण उघडत आणि आत डॉक्टरांची बॅग बघून गोंधळत.

डॉक्टरांची तक्रार पन्हाळ्याच्या चढाची होती. वाघबीळ आलं की गाडी धापा टाकायची, तेल जळाल्याचा वास यायचा, कडेला उभी करून थंड करावी लागायची. त्याआधी एका गॅरेजमध्ये इंजिन उतरवून दुरुस्त झालेलं होतं. परदेशी स्पेअर पार्ट मिळायची मारामार, त्यामुळे जे मिळालं नाही ते त्या दुरुस्तीत गाळलेलं. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, विचारावं तर प्रत्येकाकडे औषध तयार. हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासा, कॉम्प्रेशन, म्हणजे पेट्रोल-हवेचा दाब, वाढवा. कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा जेट मोठा टाका. सायलेन्सर मोकळा करा. आम्हा पोरांना हे सगळंच करून बघायचं होतं. इंजिन 'काढायचं', म्हणजे त्याची ताकद वाढवायची, हे आमच्या लेखी फोडणी वाढवण्यासारखं होतं, जितकी जास्त तितकं झणझणीत.

सरांनी पाना उचललाच नाही. हेडमास्तरांच्या ऑफिसात सरस्वतीच्या फोटोपुढचा उदबत्तीचा पुडा होता, तो शिपायाकरवी मागवला. गाडीखाली पोतं अंथरलं, इंजिन चालू करायला सांगितलं, मागचं झाकण बंद केलं आणि पांढऱ्या शर्टानिशी सर गाडीखाली गेले. उदबत्ती पेटवून इंजिनभोवतीच्या पत्र्याच्या कडेकडेनं हळूहळू फिरवायला लागले. धूर सरळ बाजूला वाहत होता. डाव्या अंगाला एका जागी आला आणि गपकन वर ओढला गेला. उदबत्ती मागे घेतली, धूर मोकळा. पुन्हा नेली, पुन्हा गडप. (पेट्रोलच्या गाडीखाली उदबत्ती! आज माझ्या शॉपमध्ये कुणी असं केलं तर मी त्याला तिथूनच घरी पाठवीन. पण सरांनी आधी पेट्रोलचा पाइप, कार्ब्युरेटर, सगळं बोटानं चाचपून घेतलं होतं, हेही सांगायला हवं.)

मामला असा की इंजिनच्या वरची खोली आणि खालची जागा या दोन्ही एकमेकींपासून पत्र्यानं आणि रबराच्या पट्टीनं तोडलेल्या असायला हव्यात. पंख्यानं मागच्या काचेखालच्या झरोक्यांतून थंड हवा ओढायची, सिलिंडरवरून न्यायची, आणि तापलेली हवा खाली टाकायची. इथे पत्र्याचा एक तुकडा आणि बरीचशी रबरपट्टी गायब होती. म्हणजे खाली टाकलेली गरम हवाच पंखा परत वर ओढत होता. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून, त्याला कडा दुमडून तो तुकडा मी केला. ट्रकच्या ट्यूबची पट्टी लावली. सरांनी पत्रा उजेडाकडे धरला, फट दिसली नाही, आणि "हं" म्हणाले. माझ्या आजवरच्या सर्टिफिकिटांत ते सगळ्यात वरचं.

पुढे सरांनी चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. तीन तपकिरी, एक पांढरट. पांढरट म्हणजे जास्त तापलेला, आणि तो तिसऱ्या सिलिंडरचा. सरांनी फोक्सवॅगनचं मॅन्युअल कधी बघितलेलं नव्हतं. वरचं कव्हर उतरवून त्यांनी आत डोकावलं आणि म्हणाले, "तेलाचा कूलर वाऱ्याच्या वाटंतच हुबा हाय. तिसऱ्याच्या वाटणीला शिळं वारं येतंय." पुष्कळ वर्षांनी मी पुस्तकं मागवून वाचली तेव्हा कळलं की हे दुखणं कंपनीलाही ठाऊक होतं. नंतरच्या इंजिनांत त्यांनी डिस्ट्रिब्युटरमध्येच (प्लगांना स्पार्क वाटून देणारा भाग) तिसऱ्याचा स्पार्क दोनेक अंश मागे ठेवला, आणि १९७१ च्या मॉडेलपासून तो कूलर त्या वाटेतून बाजूला सरकवला. कोल्हापुरात सायकलवरून शाळेत येणाऱ्या माणसानं ते एका प्लगच्या रंगावरून ओळखलं होतं!

मग कुठे इंजिन 'काढायचं' काम. जेट मोठा करायला सरांनी साफ नकार दिला. "कंपनीनं कार्ब्युरेटरचा घसा बारीक ठेवलाय तो विचार करूनच. पाय पूर्ण दाबला तरी इंजिन स्वतःला जाळून घेत न्हाई, म्हणून." कॉम्प्रेशनला मात्र परवानगी, तीही फळ्यावर हिशेब मांडून. एका सिलिंडरचे २९८ सीसी. कॉम्प्रेशन ६.६, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा ५३ सीसी. ७.२ करायचं तर ती ४८ वर आणायची. सत्त्याहत्तर मिलिमीटर बोअरमध्ये ते पाच सीसी म्हणजे एक मिलिमीटरहून जरासं जास्त. "आठावर नेऊ की, सर," कुणीतरी म्हणालं. सरांनी विचारलं, "पंपावर पेट्रोल कसलं मिळतंय?" हलक्या पेट्रोलवर जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन ठोकतं. विषय संपला.

कापायच्या आधी मोजायचं. हेडमधली जागा मोजायला सरांनी केमिस्ट्रीच्या लॅबमधून ब्युरेट आणली. हेड उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर. वर जाड काचेचा तुकडा, मधे भोक, कडेला ग्रीस. भोकातून ब्युरेटनं थेंबथेंब रॉकेल. काचेखाली हवेचा बुडबुडा लहान लहान होत जायचा आणि शेवटी नाहीसा व्हायचा, त्या क्षणी तोटी बंद करून आकडा वाचायचा. चारही खोल्या सारख्या निघाल्या नाहीत. सरांनी लहान निघालेल्या खोल्या आतून थोड्या थोड्या खरवडून, परत परत मोजून मोठीच्या बरोबरीला आणल्या. हेडच्या बैठका, म्हणजे सिलिंडर जिथे टेकतात त्या जागा, कापायचं काम उद्यमनगरात मोठ्या लेथवर, फेसप्लेटला हेड बांधून झालं. कापणारा मिस्त्री नामांकित, पण सर डायल गेजवरची नजर काढेनात. शेवटी तो म्हणाला, "मास्तर, तुमीच कापा की!" सरांनी खरंच बाह्या वर केल्या.

ब्युरेट स्वच्छ धुवून परत दिली होती. तरी शाळा उघडल्यावर बारक्या पोरांच्या टायट्रेशनला लॅबभर रॉकेलचा वास सुटला, आणि केमिस्ट्रीच्या बाई सरांशी दिवाळीपर्यंत बोलत नव्हत्या.

डॉक्टर वाघबीळच्या पुढे तिसऱ्या गिअरमध्ये न थांबता पन्हाळ्यावर पोचले आणि येताना सरांसाठी पेढे घेऊन आले. किती हॉर्सपॉवर वाढली? कुणी मोजली नाही. माझ्या मते वाढीतला मोठा हिस्सा डालड्याच्या पत्र्याचा होता.

माझं पुढचं सांगायचं तर, गोकुळ शिरगावला माझं छोटं मशीनशॉप आहे. दिवसा पंपांचे आणि ट्रॅक्टरचे पार्ट, आणि शनिवार-रविवार जुन्या एअरकूल्ड गाड्या. मुंबई-पुण्याहून बीटल येतात. जगात दोन कोटी पंधरा लाखांवर बनल्या आणि २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बाहेर पडली, तेव्हा काम संपायचं नाही. एकदा दोन सिलिंडरची फियाट ५०० पण आली होती. तिच्यावर काम करताना ट्युरिनच्या कार्लो आबार्थचं वाचलं. त्यानं १९६३ मध्ये याच फियाटचा बोअर ६७.४ वरून ७३.५ मिलिमीटरवर नेला, अठराच्या जागी सत्तावीस हॉर्सपॉवर काढली. पण त्याबरोबर इंजिनाखाली फिन्स असलेला मोठा अ‍ॅल्युमिनियमचा संप (तेलाची टाकी) बसवला, जास्त तेल, तेही थंड. सरांना हा गडी पसंत पडला असता. गिऱ्हाईक मात्र येतं ते संपाबद्दल कधीच विचारत नाही. क्रोमचा फॅन हाउसिंग हवा, मोठा बोअर हवा. मी आधी खाली वाकून रबराची पट्टी बघतो. नसली तर म्हणतो, ही लावा, महिनाभर चालवा, मग बोलू. बरेचजण परत येत नाहीत, कारण गाडी बरी झालेली असते. धंद्याच्या दृष्टीनं ही वाईट सवय आहे.

माझी स्वतःची १९६२ ची आहे. तिच्यात १५८४ सीसीचं इंजिन बसवलंय. मे महिन्यात आंबोलीच्या घाटानं गोव्याहून वर येते, एसी गाड्या बॉनेट उघडून उभ्या असतात त्यांच्या शेजारून. नातवानं त्याचा व्हिडिओ काढलाय.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. शेडच्या जागी कॉम्प्युटर लॅब झालीय, एसी आहे, टाइल्स आहेत. चांगलं आहे. पण लेथ कुठे गेला विचारलं तर भंगारात. व्हाइस? त्याच टेम्पोत. भट्टीची चिमणी तेवढी राहिलीय, तिला डिश अँटेना बांधलाय. पलीकडे इचलकरंजीत शंकरराव कुलकर्ण्यांनी 'मीरा' नावाची मोटार स्वतः घडवली, हे सर आम्हाला अभिमानानं सांगायचे. आजच्या पोरांना ते नाव माहीत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांच्या हातात कुणी कानस दिलेली नाही. स्क्रीनवर इंजिन फिरवून दाखवतात, चारी बाजूंनी. त्याला हात लावला तर भाजत नाही.

तेव्हा समितीला जाहीर विनंती. अमृतमहोत्सवाला मोठी कमान उभारताय असं ऐकलं. उभारा. पण एक खोली मोकळी करा, सिमेंटचा कोबा चालेल, टाइल्स नकोत. दहा व्हाइस, बाक, एक मध्यम लेथ आणि घोडीवर बसवलेलं, कापून आतून दिसेल असं बीटलचं इंजिन मी देतो. ते इंजिन तयार आहे, तिसऱ्या सिलिंडरवर लाल रंग दिलाय. शनिवारी सकाळचे दोन तास शिकवायलाही येईन, मानधन नको. खोलीची चावी कुणाकडे असेल तेवढं कळवा, टेम्पो मी पाठवतो.