आमची वाटचाल : २४७ तक्ते, ९८८ बोल्ट

आमचं काम बास्केटबॉलच्या लाकडी कोर्टांचं. सुरुवात सँडिंग, पॉलिश आणि रेषांपासून. मग बोर्ड-रिंगा आल्या, आणि शेवटी उचलून नेता येणारी, तक्ते जोडून अंथरायची कोर्टं. कामावर नवा माणूस आला की त्याच्या हातात पाना देण्याआधी आम्ही त्याला बॉस्टन सेल्टिक्सचा, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या संघाचा, इतिहास सांगतो. या धंद्यातल्या बहुतेक चुका त्या एका संघाच्या अंगणात सापडतात.

संघ १९४६ चा, वॉल्टर ब्राऊन यांनी उभा केलेला. ५ नोव्हेंबर १९४६ ला बॉस्टन अरीनात पहिला घरचा सामना, आणि सामन्याआधीच्या सरावात चक कॉनर्सच्या हातून काचेचा बोर्ड फुटला. (हा कॉनर्स पुढे अभिनेता झाला.) असं सांगतात, की रिंग आणि काच यांच्यामधलं रबर बसवायचंच राहून गेलं होतं. टफन्ड (तापवून झटकन थंड करून कणखर केलेली) काच सपाट दाब निमूट सोसते, पण एका बिंदूवर लोखंड टेकलं की क्षणात चुरा. तिला नंतर भोक पाडता येत नाही. भोकं टफनिंगच्या आधीच पडलेली हवीत. भोकात बुश (नळीसारखं अस्तर), दोन्ही बाजूंना रबर, वर रुंद वॉशर, आणि बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला की ताण तिथेच साठतो. आता तर रिंग थेट मागच्या सांगाड्यावरच धरतात, रिंगवरचा जोर काचेवर येता कामा नये असा नियमच आहे.

दुसरा धडा जमिनीचा, आणि तो मोठा. महायुद्ध नुकतंच संपलेलं, लांब लाकडाची टंचाई. म्हणून सेल्टिक्सच्या कोर्टासाठी ओकचे उरलेले आखूड तुकडे आडवे-उभे जोडून ५ फूट बाय ५ फुटांचे चौकोनी तक्ते केले. एकूण २४७ तक्ते, तक्त्याला ४ या हिशेबाने ९८८ बोल्ट. ती नक्षी हौसेची नव्हती, पण कामाची निघाली. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. दिशा बदलत गेल्या की सगळी ओढ एकाच बाजूला जात नाही.

१९५२ मध्ये हे कोर्ट बॉस्टन गार्डनमध्ये आलं. तिथे ब्रुइन्स या हॉकी संघाचा आइस हॉकीचा बर्फही असायचा. हंगामात तक्ते बर्फावरच्या आच्छादनावर पडायचे, सामना संपला की उचलायचे. उन्हाळ्यात वातानुकूलन नाही. १९८४ च्या अंतिम मालिकेतला लेकर्स या प्रतिस्पर्धी संघाविरुद्धचा पाचवा सामना सुमारे ३६ अंशांत झाला. अशा जागी लाकूड श्वास घेतंच. आम्ही तक्ते अंथरण्याआधी लाकडातला ओलावा मोजतो, ६ ते ९ टक्के हवा. हॉलची आर्द्रता ३५ ते ५० टक्के. खालून गारवा आणि वरून दमट हवा असली तर तक्त्याच्या कडा वर उचलतात.

गार्डनमध्ये काही ठिकाणी चेंडू मरायचा, म्हणजे नीट उसळायचाच नाही, आणि त्या जागा सेल्टिक्सना पाठ होत्या, ही आख्यायिका सगळ्यांनी ऐकलेली. दंतकथा किती ते बाजूला ठेवू, पण चेंडू मरायची कारणं साधी असतात: बोल्ट सैल, तक्त्याखाली पोकळी, किंवा जोडात अडकलेला कचरा. काँक्रीटवर चेंडू जेवढा उसळतो त्याच्या किमान ९० टक्के लाकडावर उसळला पाहिजे. तक्ते मधल्या ओळीपासून, दोरी धरून लावा. प्रत्येक जोडात १ मिलिमीटर चुकलात तर १९ तक्त्यांच्या रांगेत जवळजवळ २ सेंटिमीटर जातात. आणि तक्त्याच्या पोटावर क्रमांक घाला. घासून-घासून एकमेकांत बसलेले शेजारी बदलले की जोड पुन्हा दुखतो.

१९७९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. डॅरिल डॉकिन्स या एनबीए खेळाडूने एका महिन्याच्या आत दोन बोर्ड फोडले, आणि पुढे लवचीक रिंगेला, म्हणजे जोर आला की खाली वाकून परत जागेवर येणाऱ्या रिंगेला, गती आली. आर्थर एहरॅट यांनी शेतीच्या अवजाराची स्प्रिंग वापरून ती बनवली होती. स्प्रिंग फार सैल ठेवली तर रिंग चेंडूलाच गिळते, फार घट्ट ठेवली तर स्प्रिंग असून नसल्यासारखी. ८२ ते १०५ किलो भाराला रिंग खाली वाकली पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे तीन गुणांची रेषा. १२ ऑक्टोबर १९७९ ला सेल्टिक्सच्या ख्रिस फोर्डने मारलेला बास्केट एनबीएतला पहिला तीन गुणांचा धरतात. रेषा आखताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो: कंसाचं केंद्र बोर्डाखाली धरतात, ते रिंगच्या मध्याखाली हवं, आणि अंतर रेषेच्या आतल्या कडेपर्यंत मोजतात. ते बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, नाहीतर रेषेची ५ सेंटिमीटर रुंदी फुकट वाढते.

१९९५ मध्ये संघ नव्या इमारतीत गेला, तक्तेही सोबत गेले. डिसेंबर १९९९ मध्ये ते बदलले. सेल्टिक्सच्या १८ पैकी १६ अजिंक्यपदं त्या जुन्या ओकच्या काळातली.

फोटो पाहून तसलंच पार्के (तुकड्यांच्या नक्षीची लाकडी जमीन) मागणारी गिऱ्हाइकं येतात. त्यांना आम्ही ओक आणि मेपल शेजारी ठेवून दाखवतो. ओकची रंध्रं उघडी, धूळ धरतात, त्यामुळे आधी फिलर (रंध्रं बुजवणारा लेप) भरावा लागतो. मेपल घट्ट कणांचं आणि थोडं जास्त कठीण. त्यानंतरही ओकच हवं असेल तर करतो, फक्त फिलर सुकायचे दिवस वेळापत्रकात आधीच धरून.