वापरलेला ड्राय रॉक: घरी आणल्यापासूनचे अकरा आठवडे

मंडळी, नव्या रीफ टाकीच्या (खाऱ्या पाण्यातल्या मासे-प्रवाळांच्या टाकीच्या) ड्राय रॉकचं, म्हणजे आत मांडायच्या कोरड्या चुनखडकाचं, काम शेवटच्या टप्प्यात आलंय, म्हणून वहीतल्या नोंदी एकत्र करून लिहितोय. टाकी ४ बाय २ बाय २ फुटांची, म्हणजे साधारण ४५० लिटर. रॉक ३२.४ किलो. पुण्यातच एका दादांनी बारा वर्षांची रीफ टाकी बंद केली, त्यांच्याकडून १८ जानेवारीला घरी आणला.

पैसे देण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचारल्या. पहिली, हा दगड मुळात कुठला? फ्लोरिडातल्या खाणीतून, जमिनीवरून काढलेला जुना प्रवाळी चुनखडक, आणि बिल जपून ठेवलेलं. हे विचारायलाच हवं. आपल्याकडे प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला फिरायला गेलो की चार दगड उचलून आणू, असं अजूनही कुणीतरी म्हणतं, तेव्हा फार वाईट वाटतं. त्या दगडावर जे जगतंय ते तिथंच राहू द्या. दुसरा प्रश्न तांब्याचा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर कुणी मुख्य टाकीतच तांब्याचं औषध घातलं असेल, तर दगड ते शोषून घेतो आणि नंतर हळूहळू सोडतो. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ, कुणालाच ते सोसत नाही. दादांनी औषध नेहमी वेगळ्या टाकीत दिलं होतं. तरीही दगड मिठाच्या पाण्यात दोन दिवस भिजवून तांब्याची टेस्ट केली. शून्य आली, मगच पुढं गेलो.

मागच्या टाकीत मी हा सगळा खटाटोप केला नव्हता. जुना रॉक नळाखाली धुतला, उन्हात वाळवला, पांढराशुभ्र दिसला म्हणून टाकीत मांडला. पुढचे आठ महिने हिरवं केसाळ शेवाळ उपटत बसलो. पाणी कितीही बदला, फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खतच, चौथ्या दिवशी जागेवर. दगड पांढरा दिसला म्हणजे स्वच्छ झाला असं नाही, हे तेव्हा कळलं. चुनखडक फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं प्रमाण कमी झालं की परत सोडतो. यावेळी सगळा भर त्यावरच आहे.

आधी हातानं साफसफाई. एका दगडाच्या भोकात वाळलेला स्पंज होता, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. चिमट्यानं ओढला तर बोटभर लांब निघाला आणि त्यामागून खेकड्याची एक नांगी. व्हर्मेटिड (दगडाला चिकटून नळीत राहणाऱ्या) गोगलगायींच्या नळ्या पक्कडीनं मोडल्या. त्या हाताला कापतात, जाड हातमोजे घाला. घासताना दगड ओला ठेवा आणि तोंडाला मास्क लावा.

आई म्हणाली, "अरे, पातेल्यात उकळून घे ना, बाळाच्या बाटल्या उकळतो तशा." सूचना सहज सुचण्यासारखी आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय: रॉक कधीही उकळू नका. जुन्या दगडावर पॅलिथोआ किंवा झोअँथिड हे प्रवाळांच्या नात्यातले मऊ जीव असू शकतात आणि त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. वाफेबरोबर ते नाकातोंडात जातं. परदेशात घरात असे दगड उकळल्यामुळे कुटुंबंच्या कुटुंबं हॉस्पिटलात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

मग ब्लीच. गच्चीवर प्लास्टिकच्या ड्रममध्ये १ भाग सोडियम हायपोक्लोराइट आणि १० भाग नळाचं पाणी, आत पाणी फिरवायला जुना पॉवरहेड पंप, सात दिवस. तिसऱ्या दिवशी वर तपकिरी साय आली होती. ब्लीच सेंद्रिय घाण खातं, फॉस्फेटचं फारसं काही करत नाही. नंतर क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट लागतं, आणि इथं एक घोळ होतो. हॉस्पिटलला माल पुरवणाऱ्या दुकानात हायपो म्हटलं की हायपोक्लोराइट मिळतं. फोटोग्राफीवाले आणि मत्स्यालयवाले हायपो म्हणतात ते थायोसल्फेट. एक क्लोरीन घालतं, दुसरं काढतं. पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून न्या.

धुवून पाच दिवस कडक उन्हात वाळवला. भोकाला नाक लावून ब्लीचचा जराही वास येत नाही तोवर थांबलो, कारण पुढची पायरी ॲसिडची. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. घाई करायची जागा ही नव्हे.

१ फेब्रुवारीला ॲसिड. ५ लिटर मुरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड, ५० लिटर पाणी, दोन खेपांत. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलट कधीच नाही. गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, वाऱ्याकडे पाठ. दगड आत सोडला की सोड्याची बाटली फोडल्यासारखा फसफसाट होतो आणि फेस काठापर्यंत चढतो, म्हणून ड्रम अर्धाच भरा. पंचवीस मिनिटांत आवाज बसला. उरलेल्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकून पाहिला, आणखी फसफसलं नाही, म्हणजे ॲसिड संपलं. वाळल्यावर वजन केलं: ३०.१ किलो. जवळजवळ सव्वादोन किलो गेलं, त्यात फॉस्फेटनं भरलेला वरचा थरही गेला. जुने कोरलांचे ठसे मात्र स्पष्ट उघडे पडलेत. एका दगडावर चांदणीसारख्या खळ्यांची रांग आहे, ती समोर यावी असाच तो मांडणार.

८ फेब्रुवारीपासून ड्राय बाल्कनीत ड्रम: आरओचं पाणी, मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२६, हीटर २६ अंशांवर, पाणी हलवायला वेव्हमेकर, आणि वरून झाकण, कारण उजेड मिळाला की शेवाळ इथंच सुरू होईल. आठवड्यानं हॅनाच्या चेकरवर (टेस्ट करायचं छोटं यंत्र) फॉस्फेट १.०८ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १.०८ भाग. ॲसिडनंतरही! सगळं पाणी बदललं. तीन दिवसांत ०.७२. पुन्हा बदललं, ०.६१. प्रत्येक वेळी इतकं मीठ ओतणं परवडणारं नाही, म्हणून लॅन्थॅनम क्लोराइडवर आलो.

हे फॉस्फेटला धरून बारीक पांढरा गाळ बनवतं. आरओच्या पाण्यात पातळ करून, सलाइनच्या नळीतून थेंब थेंब, थेट १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत). मासे असलेल्या टाकीत मी हे करणार नाही, गाळ कल्ल्यांना त्रास देतो. ड्रममध्ये दगडच आहेत, तेव्हा इथंच उरकून घ्यावं. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) बघत राहा, लॅन्थॅनम कार्बोनेटलाही धरतं; माझा ८.५ वरून ७.१ वर आला होता.

पहिल्या डोसनंतर संध्याकाळी ०.०५. आनंद झाला, पण दोन दिवसांनी ०.४१. दगड परत सोडत होता. पुढच्या खेपांना दोन दिवसांनंतरचा आकडा ०.३३, ०.२४, ०.१५ असा उतरत गेला. डोस दिलेल्या दिवशीचा आकडा मी आता मोजतच नाही, दोन दिवसांनंतरचाच खरा. मला शून्यही नको आहे. शून्यावर गेलं की डायनोफ्लॅजेलेट (तपकिरी चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) डोकं वर काढतात आणि कोरलही उपाशी राहतात. ०.०५ ते ०.१ मध्ये ठरलं की पुरे.

२२ मार्चला शेवटचा डोस देऊन नायट्रोजनचं चक्र सुरू केलं, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडात वाढवायला घेतले. अमोनियम क्लोराइडनं अमोनिया २ पीपीएमवर नेला, बाटलीतले जिवाणू घातले. पहिल्यांदा शून्य व्हायला नऊ दिवस लागले. १ एप्रिलला परत २ पीपीएम, यावेळी ४८ तासांत गायब. नायट्राइट अजून दिसतंय. दुपारी ड्रम ३० अंशांवर जातोय, म्हणून हीटर बंद करून झाकण थोडं सरकवलंय आणि बाल्कनीच्या जाळीला ओलं गोणपाट लावलंय.

आज ५ एप्रिल. लॅन्थॅनम थांबवून चौदा दिवस झाले, फॉस्फेट ०.०८. मागच्या रविवारी ०.०७ होतं. नायट्राइट उतरलं की दगड ओल्या टॉवेलवर मांडून कमान जुळवून बघणार. डावीकडे तीन मोठे, उजवीकडे तो चांदण्यांचा, आणि मागच्या काचेपासून चार बोटं जागा, म्हणजे पाणी मागूनही खेळेल आणि मॅग्नेटचा ब्रश खालपर्यंत जाईल. मांडणीचे फोटो त्या दिवशी टाकतो.