आमची वाटचाल : चार पानांचे वार्तापत्र आणि त्यातला वाडा

प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा वार्तापत्र काढण्याचा विचारही आमच्या मनात नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतला दोन भाड्याच्या खोल्या, पोटॅशियम-सोडियम मोजणारा एक जुना फ्लेम फोटोमीटर, देठ वाळवण्यासाठी एक ओव्हन आणि माझे रसायनशास्त्राचे शिक्षण एवढ्या भांडवलावर द्राक्षबागायतदारांसाठी माती, पाणी आणि वेलीचे पोषण कळावे म्हणून पानांच्या देठांचे परीक्षण करण्याचे काम आम्ही सुरू केले. अडचण अशी होती की अहवाल अचूक निघत, पण नमुनेच चुकीचे येत. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची, काडी तयार करण्यासाठीची) साधारण 45 दिवसांनी तळाकडून पाचव्या पानाचे आणि गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरच्या सुमाराची, फळासाठीची) फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ घ्यावे लागतात. प्रत्यक्षात कोणी अख्खी पाने आणी, तर कोणी बंद प्लॅस्टिक पिशवीत दोन दिवस घामेजलेला लगदा आणी. दिवसातून वीस वेळा तेच सांगून कंटाळल्यावर माझ्या पत्नीने ते एका कागदावर लिहून छापून घेतले. तोच आमचा पहिला अंक.

दोन-तीन हंगामांत त्या एका कागदाची चार पाने झाली. छाटणीनंतरच्या दिवसांप्रमाणे करायची कामे, पाण्यातल्या क्षारांविषयीची माहिती, बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) करण्याची पद्धत, जीएच्या, म्हणजे मणी वाढवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या, द्रावणाचा तक्ता (100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम म्हणजे 10 पीपीएम, दहा लाखांत दहा भाग, हे आजही दर अंकात छापतो, कारण आजही कोणीतरी चुकतो) असा मजकूर त्यात असे. हे सगळे दुसऱ्या पानापासून सुरू होई. पहिले पान माझे होते. तिथे संपादकीय असे आणि त्याला विषयाचे बंधन नव्हते. मी शिक्षकाचा मुलगा. लिहिण्याची हौस होती आणि स्वतःच्या पैशाने छापलेल्या कागदावर स्वतःला आवडेल ते लिहिण्यात काही वावगे आहे, असे मला वाटत नव्हते. आईचे आजारपण, मुलीची शाळा, हिमाचलातला प्रवास, सगळे त्या पानावर येऊन गेले. निवडणुकीवर मात्र एकदाच लिहिले. नमुने गावातल्या दोन्ही गटांकडून येतात, हे लिहिण्याआधी आठवायला हवे होते, एवढेच त्याविषयी सांगतो.

2009 च्या दिवाळीत गावाकडचा आमचा वाडा पाडला. त्यावर मी नोव्हेंबरच्या अंकासाठी पूर्ण पानभर लिहिले आणि ते चांगले उतरले आहे, अशी माझी खात्री होती. अंक छपाईला जाण्याच्या सुमारास, 11 नोव्हेंबरला, फयान वादळ किनाऱ्यावर आले आणि आमच्याकडे अवकाळी पाऊस झाला. बागा कुठे पोंग्यात (कोवळी फूट), कुठे दोड्यात (फुलण्याआधीचा घड), कुठे फुलोऱ्यात होत्या. म्हणजे घडावर डाऊनी, अर्थात केवडा रोग, येण्याची सर्वांत वाईट वेळ. चिखलात ट्रॅक्टर जात नसेल तर फवारणीची वाट न पाहता मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या भुकटीची धुरळणी करावी, पानांमागची पांढरी वाढ दिसेपर्यंत थांबू नये, असा मजकूर मी रात्री बसून लिहिला आणि सकाळी छापखान्यात नेऊन दिला. छापखान्याच्या मालकांनी सरळ विचारले, "पहिलं पान बदलायचं का? तासाभराचं काम आहे." मी वाड्याच्या मजकुराकडे पाहिले आणि म्हणालो, "राहू द्या, हे तिसऱ्या पानावर घ्या."

वाड्यावरच्या लेखाला त्या वर्षी सर्वाधिक दाद मिळाली. पुण्याहून, ठाण्याहून, अगदी दुबईहूनही फोन आले. ते सगळे फोन ज्यांच्याकडे एक वेलही नाही अशा लोकांचे होते, हे माझ्या ध्यानात यायला डिसेंबर उजाडला. एका बागायतदारांच्या औषधांच्या खोलीत गेलो असता तिथल्या भिंतीवर आमचा अंक खळीने चिकटवलेला दिसला. त्यांनी अंकाची पाने सुटी करून तक्त्याची बाजू बाहेर ठेवली होती आणि पहिल्या पानाची बाजू भिंतीकडे केली होती. कागद पातळ असल्यामुळे जीएच्या आकड्यांमागे माझ्या वाड्याची अक्षरे उलटी उमटलेली दिसत होती. शेजारी धुरळणीचा मजकूर नव्हता. विचारल्यावर ते संकोचून म्हणाले, "साहेब, वाड्याचं छान लिहिलंय. पण ते पहिल्या पानावर पाहून यंदा अंकात विशेष काही नसेल असं वाटलं, म्हणून पुढचं उशिरा वाचलं." त्यांचा जवळजवळ अर्धा माल त्या हंगामात गेला होता. मजकूर वेळेत वाचला असता तर माल हाती लागलाच असता, असे मी म्हणू शकत नाही; त्या वर्षी रोज फवारणी करणाऱ्यांच्या बागाही गेल्या. पण तो तासभर मी वाचवला होता, आणि कशासाठी वाचवला होता हे मला ठाऊक होते.

घरी येऊन मी पत्नीला सांगितले की संपादकीय बंद करू. तिने ते मानले नाही. तिचे म्हणणे असे की, औषध कंपन्यांची रंगीत पत्रके बागायतदारांच्या घरी ढिगाने येतात आणि त्यांत शिफारस करणारा माणूस कुठेच दिसत नाही. आपण काही विकत नाही, हे लोकांना आपण कोण आहोत हे कळल्यावरच पटते. त्यावर आम्हा दोघांचे महिनाभर एकमत झाले नाही, आणि मग त्याच हंगामाने दुसरा फटका दिला.

2010 च्या वसंतात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपण ज्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतो त्याचे, अंश किलोमागे 0.05 मिलीग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त सापडले, माल अडकला आणि भाव कोसळले. खरड छाटणीनंतर काडीची वाढ रोखून सूक्ष्म घडनिर्मिती (काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होणे) चांगली व्हावी म्हणून ते वापरण्याची पद्धत सर्रास होती. आमच्याच एप्रिलच्या अंकात त्याची मात्रा छापलेली होती. मी पहिल्या पानावर तेच लिहिले : मात्रा आम्ही छापली होती, आमच्या नात्यातल्या बागेतही ती दिली होती, तो माल आता शीतगृहात पडून आहे, आणि एप्रिलमध्ये दिलेल्या रसायनाचा अंश लाकडात राहून पुढच्या हंगामाच्या मण्यात उतरू शकतो, याचा आम्ही विचार केला नव्हता. दोन बागायतदार त्यानंतर आमच्याकडे फिरकले नाहीत, ते आजही आलेले नाहीत. पण तो अंक मागायला लोक गाडीवरून आले आणि कोणत्या बागेत काय दिले होते, हे न विचारता सांगू लागले, जे आधी अहवालाच्या फॉर्मवर कोणी लिहीत नसे.

तेव्हा माझ्या डोक्यातला एक गुंता सुटला. वैयक्तिक लिहिणे आणि विषय सोडून लिहिणे या दोन गोष्टी मी इतकी वर्षे एकच समजत होतो. वाडा माझा होता, पण वाचणाऱ्याच्या बागेशी त्याचा संबंध नव्हता. सीसीसीची चूकही माझीच होती, पण ती त्याच्या काडीत शिरलेली होती. तांत्रिक वार्तापत्रात पहिल्या प्रकाराला जागा असली तर शेवटच्या पानावर आणि काम कमी असलेल्या महिन्यात असावी, आणि दुसऱ्या प्रकाराला जागा नसेल तर ते वार्तापत्र औषधाच्या डब्यावरच्या लेबलाइतकेच उरते, असे माझे मत त्या वर्षी झाले आणि आजही आहे.

2020 च्या टाळेबंदीत छापखाना बंद होता, म्हणून अंक व्हॉट्सॲपवर पाठवला. व्यापारी येईनात, माल वेलीवर, आणि बेदाणा कसा करतात हे आमच्या भागात फार थोड्यांना ठाऊक. तासगावच्या एका स्नेह्यांना फोन करून कृती घेतली : पाण्यात लिटरमागे 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑईल घालायचे, त्यात द्राक्षे बुडवायची आणि वाळवायची. ती छापताना मी आमच्या गच्चीवर काय झाले तेही सविस्तर लिहिले, कारण पहिली खेप मी घाईने उघड्या उन्हात पसरली आणि ती तपकिरी, जवळजवळ काळी झाली. सावलीत, वारा खेळता ठेवून वाळवलेली दुसरी खेप तेवढी विकण्याजोगी निघाली. काळ्या बेदाण्याचा फोटोही दिला. त्या एका फोटोवर जेवढे प्रश्न आले तेवढे कोणत्याही तक्त्यावर कधी आले नव्हते.

आता अंकाचे काम मुलगी पाहते. या वेळच्या खरड छाटणीच्या अंकासाठी मी आमच्या जुन्या विहिरीवर दीड पान लिहून दिले होते. तिने ते शेवटच्या पानावर चार ओळींत बसवले आणि त्यातले विहिरीच्या पाण्याचा ईसी (क्षारांचे प्रमाण दाखवणारा आकडा) गेल्या तीन उन्हाळ्यांत कसा वाढत गेला ते वाक्य उचलून पहिल्या पानावर नेले. आजोबांनी ती विहीर कशी खणली, तो भाग परत माझ्या टेबलावर आला आहे.