ऑक्सफर्डच्या भिंती आणि इन्स्पेक्टर मोर्स

ऑक्सफर्डला जाणारे बहुतेक लोक क्राइस्ट चर्चचा तो प्रसिद्ध डायनिंग हॉल बघायला जातात, मला मात्र टर्ल स्ट्रीटवरच्या एक्सेटर कॉलेजचं पुढचं अंगण बघायचं होतं. का ते पुढे सांगते, पण ज्यांना 'इन्स्पेक्टर मोर्स' अजून बघायचंय त्यांनी एक्सेटरचा भाग आला की सरळ खाली उडी मारा, कारण मालिकेचा शेवट सांगितल्याशिवाय मला त्या अंगणाबद्दल लिहिताच येणार नाही.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. कॉलिन डेक्स्टर नावाच्या लेखकाने १९७५ पासून ऑक्सफर्डच्या पोलिसांतल्या इन्स्पेक्टर मोर्सच्या तेरा रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, त्यावरून आयटीव्ही ह्या ब्रिटिश चॅनेलने १९८७ ते २००० मध्ये ३३ भाग केले, एकेक भाग जवळजवळ सिनेमाएवढा. जॉन थॉ मोर्स आणि केव्हिन व्हेटली त्याचा सार्जंट लुईस. मग २००६ ते २०१५ लुईसची स्वतःची मालिका, आणि २०१२ ते २०२३ तरुण मोर्सची 'एंडेव्हर'. सगळे मिळून शंभरच्या वर भाग आणि बहुतेक सगळे खून ह्या दीड लाख वस्तीच्या गावात किंवा आसपास. मी पुण्याची, 'पूर्वेचं ऑक्सफर्ड' हे लहानपणापासून ऐकत आलेली, त्यामुळे पश्चिमेचं कसं आहे ही उत्सुकता होतीच.

माझी मावसबहीण लंडनजवळच्या स्लाव गावात राहते, तिच्याकडे उतरले होते, ती पण मोर्सची भक्त (मला ह्या नादाला तिनेच लावलं), त्यामुळे दोघी सकाळच्या ट्रेनने निघालो. लंडनहून पॅडिंग्टनवरून साधारण तासाभरात ऑक्सफर्ड येतं. स्टेशनच्या बाहेरचं गाव अगदी साधं दिसतं, बस, सायकली, सँडविचची दुकानं, आणि मग दहा-पंधरा मिनिटं चाललं की एकदम मधाच्या रंगाचा दगड सुरू होतो आणि तो संपतच नाही.

आणि तिथे चालता चालता मला जे जाणवलं तेच खरं मला लिहायचंय. ह्या गावात रहस्यकथा रचायला लेखकाला फार खटपट करावीच लागत नाही, अर्धं काम भिंतीच करतात. कॉलेज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गेट, कट्टा, कॅन्टीन येतं. इथे रस्त्यावरून दिसते ती नुसती उंच दगडी भिंत, त्यात एक भलंमोठं लाकडी दार, आणि त्या दारात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला आहे तशी छोटी दिंडी. दिंडी उघडी असली तर आत पोर्टरची, म्हणजे दारावरच्या माणसाची, खोली, तिच्यापलीकडे हिरव्यागार लॉनचा एक तुकडा आणि दाराशी पाटी, कॉलेज आज पाहुण्यांसाठी बंद. एकामागून एक अशी दारं, प्रत्येकाच्या आत एक वेगळं जग, त्यांची स्वतःची चॅपल, लायब्ररी, वाईनचं तळघर, स्वतःचे हेवेदावे. आपण बाहेरच्या फुटपाथवर. आता अशा गावात सगळ्या दारांतून बिनधास्त आत जायची मुभा कोणाला असते, तर खिशात ओळखपत्र असलेल्या पोलिसाला! प्रेक्षक त्याच्या मागे मागे आत जातो. पडद्यावर हे मी इतक्या वेळा बघितलं होतं पण त्याची किंमत तिथे बंद दारासमोर उभं राहिल्यावर कळली.

त्यातून मोर्स स्वतः अर्धा आतला अर्धा बाहेरचा. ऑक्सफर्डलाच शिकायला आला, प्रेमात पडला, ते फिसकटलं आणि डिग्री न घेताच बाहेर पडला. त्यामुळे प्राध्यापक मंडळी त्याला लॅटिनमधून टोमणे मारायला गेली तर तो त्यांची चूक काढतो, आणि लुईस बिचारा बाजूला वही घेऊन उभा. पण खरी माहिती पोर्टर, सफाईवाल्या बायका, स्वयंपाकघरातली माणसं ह्यांच्याकडूनच मिळते आणि ती बरेचदा लुईसच काढतो. ह्यातला वर्गभेदाचा भाग आपल्याकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

ब्रॉड स्ट्रीटवरून निघालो. मालिकेतलं लॉन्सडेल कॉलेज खरं नाहीच, त्याचं काम बऱ्याचदा ब्रेझनोज कॉलेज करतं, रॅडक्लिफ स्क्वेअरमध्ये, ती गोल घुमटाची लायब्ररी आहे ना, रॅडक्लिफ कॅमेरा, तिच्या बाजूलाच. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला कोपऱ्यावरच्या इमारतीवर मान वर करून नक्की बघा, वाऱ्याची दिशा दाखवायला तिथे हत्ती बसवलाय, अंबारीसकट! ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट, मोनियर विल्यम्स ह्यांनी उभी केलेली, तेच ते संस्कृत कोशवाले. १८८३ मध्ये पायाभरणी झाली, आत देवनागरीत कोरलेला संस्कृत शिलालेख आहे. आणि आपल्या नाशिकला जन्मलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ह्याच गावात आल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि तरी डिग्री हातात पडायला १९२२ उजाडलं, कारण १९२० पर्यंत बायकांना इथे डिग्रीच देत नव्हते. परीक्षेला बसा, पण डिग्री मागू नका. भिंती फक्त दगडाच्या नसतात इथल्या.

एक्सेटर. दुपारी उघडं होतं, आमचं नशीब. दिंडीतून वाकून आत गेलो आणि समोर ते चौकोनी अंगण. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप लहान आहे. मधोमध लॉन, इतकं सारखं कापलेलं की त्यावर पाय ठेवायचा धीर होत नाही (आणि ठेवायचा नाहीच), भोवती दगडी वाट, एका बाजूला उंच टोकदार चॅपल. २००० सालच्या शेवटच्या भागात मोर्स ह्या लॉनवर कोसळतो. चॅपलमध्ये गायकमंडळी फोरे ह्या संगीतकाराच्या रिक्विएममधलं (मृतांसाठीची प्रार्थना) 'इन पॅराडिझम' गात असतात आणि हा ते ऐकत चालत येतो आणि पडतो. मग हॉस्पिटल, आणि जाताना एकच निरोप, लुईसला माझ्याकडून थँक्यू सांगा. आयुष्यभर ज्याला बिअरचं बिल भरायला लावलं त्याला. त्या भागानंतर दीडेक वर्षात जॉन थॉ स्वतः गेला, २००२ मध्ये, साठीचा होता फक्त. ताई आणि मी तिथे बराच वेळ काही न बोलता उभ्या होतो, मग ताई म्हणाली, "अगं, कॅमेरा कुठे ठेवला असेल गं, एवढ्याशा जागेत?" आणि खरंच, आम्ही दोघी मग कोपऱ्याकोपऱ्यातून अँगल शोधत बसलो.

अ‍ॅशमोलियन म्युझियमला मी अख्खा दिवस देऊ शकले असते पण आमचं काम एकाच काचेच्या पेटीत होतं, आल्फ्रेड ज्युवेल. 'द वुल्व्हरकोट टंग' ह्या भागात अमेरिकन पर्यटकांच्या ग्रुपमधल्या बाई समोरच्याच रँडॉल्फ हॉटेलात मरतात आणि म्युझियमला द्यायला आणलेला जुना दागिना गायब होतो, ती कल्पना ह्यावरून सुचलेली. खरा दागिना १६९३ मध्ये सॉमरसेटमध्ये सापडला, जेमतेम साडेसहा सेंटीमीटर लांब, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा. वर स्फटिक, त्याच्या खाली मीनाकारीत एक माणूस, मोठे मोठे टक्क उघडे डोळे, दोन्ही हातात फुलांचे देठ धरलेले. कडेने सोन्याच्या पट्टीत अक्षरं आरपार कापलीत, अर्थ असा की आल्फ्रेडने मला घडवून घेतलं. निमुळत्या टोकाला कुठल्याशा प्राण्याचं तोंड आणि त्या तोंडात एक नळी. अभ्यासक म्हणतात की त्या नळीत बारीक काडी बसवून पोथी वाचताना ओळीवर बोट ठेवायच्या ऐवजी ती फिरवत असावेत. अकराशे वर्षांपूर्वीच्या राजाची वाचायची काडी! विद्यापीठाच्या गावातल्या खुनासाठी ह्याच्यापेक्षा चांगलं कारण शोधून सापडायचं नाही.

तिथून जेरिको. नाव ऐकून काहीतरी भव्य वाटतं पण हा कालव्याकाठचा जुना कामगार भाग, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस इथेच आहे, त्यामुळे छापखान्यातले लोक इथे राहायचे. विटांची बुटकी घरं एकाला एक चिकटलेली, दार थेट रस्त्यावर. ६ जानेवारी १९८७ ला दाखवलेला अगदी पहिला भाग, 'द डेड ऑफ जेरिको', इथलाच, कूम रोडला त्यात कॅनल रीच असं नाव दिलं होतं. कॉलेजांच्या त्या बंद भिंतींनंतर ही गल्ली बघून मला फार बरं वाटलं, खिडकीत मांजर, कुंड्या, कोणाची तरी सायकल आडवी. आता घरांच्या किमती कामगारांच्या आवाक्याबाहेर गेल्यात हे ताईने लगेच सांगितलं, ती घर शोधतीये सध्या त्यामुळे तिला सगळीकडे तेच दिसतं.

मालिकेत नाही पण बघायलाच हवी अशी एक जागा सांगते. मोर्स राहतो त्या उत्तर ऑक्सफर्डच्याही वर कट्सलो म्हणून भाग आहे. तिथे १९३४ मध्ये एका बिल्डरने खाजगी घरं आणि कौन्सिलची (नगरपालिकेची भाड्याची) घरं ह्यांच्या मधे रस्त्यातच आडव्या भिंती घातल्या, माणसापेक्षा उंच, वर अणकुचीदार सळ्या. गरिबांच्या वस्तीतल्या लोकांना पलीकडच्या मुख्य रस्त्याला जायला मोठा वळसा. त्या पडल्या १९५९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षं उभ्या होत्या. आता तिथे एक निळी पाटी आहे आणि बाकी काही नाही, रस्ता सरळ जातो. तरुण मोर्सची मालिका १९६५ मध्ये सुरू होते हे लक्षात घेतलं तर कळतं की ही कडवट आठवण तेव्हा गावात ताजीच होती, आणि काउलीच्या मोटार कारखान्यातला कामगार आणि कॉलेजातला प्राध्यापक एकाच गावात राहूनही एकमेकांना का ओळखत नाहीत तेही.

संध्याकाळी पोर्ट मेडोच्या कुरणातून थेम्सच्या काठाने वुल्व्हरकोटला चालत गेलो, वाटेत गायी, घोडे, गॉडस्टोच्या मठाचे पडके अवशेष, आणि शेवटी ट्राउट इन, मोर्सचा आवडता पब. ताईने बिअर, मी संत्र्याचा ज्यूस (लुईसचं पेय!). टेबलावर बसून ताईने फोनवर शीर्षकसंगीत लावलं. बॅरिंग्टन फेलुंगने त्यात मोर्स कोडमध्ये 'मोर्स' हे नावच वाजवलंय, लांब आणि आखूड ठोके नीट ऐकले की सापडतं. काही भागांच्या संगीतात तर तो खुन्याचं नाव दडवायचा, कधी मुद्दाम भलत्याचंच.

परत गावात येईपर्यंत नऊ वाजून गेले होते आणि क्राइस्ट चर्चच्या टॉम टॉवरची घंटा सुरू झाली. रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ ठोके, कारण ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्यामुळे इथली जुनी स्थानिक वेळ पाच मिनिटं मागे, म्हणजे त्यांच्या हिशोबाने बरोब्बर नऊ. पूर्वी ठोके संपले की कॉलेजची दारं बंद.

जाणार असाल तर जायच्या आधी वर लिहिलेले दोन भाग बघून घ्या, जेरिको आणि वुल्व्हरकोट, शेवटचा 'द रिमोर्सफुल डे' मात्र सगळे बघून झाल्यावरच. कॉलेजांच्या वेळा प्रत्येक कॉलेजच्या साइटवर आदल्या दिवशी तपासा, परीक्षा, लग्न, समारंभ काहीही असलं की दार बंद. सकाळी बरीच कॉलेजं बाहेरच्यांना घेत नाहीत, त्यामुळे म्युझियम आणि जेरिको सकाळी, कॉलेजं दुपारी आणि ट्राउट संध्याकाळी असं ठेवा. कुरणात चिखल असतो, बूट चांगले घाला.