नळ कुणी मोडला?

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये घरं सुधारण्याचं जे काम चालतं, त्यातली एक अट कळल्यापासून डोक्यातून जात नाही: दुरुस्ती न करता पाहणी करायची नाही. फॉर्म घेऊन कुणाच्या घरात शिरलात, तर त्याच दिवशी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनही सोबत हवा.

सुरुवात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या लाल मातीच्या वाळवंटात, अनंगू या आदिवासी लोकांच्या वस्त्यांवर झाली. माणसं दवाखान्यात बरी होत आणि घरी जाऊन पुन्हा तीच दुखणी घेऊन येत. 1985 मध्ये त्यांच्याच आरोग्य परिषदेचे यामी लेस्टर यांनी डॉक्टर पॉल टॉर्झिलो, वास्तुविशारद पॉल फोलेरोस आणि स्टीफन रेनो यांच्यापुढे प्रश्न ठेवला, की लोक मुळात आजारीच पडू नयेत म्हणून काय करायचं? 1987 च्या अहवालात उत्तर आलं. निरोगी राहण्यासाठी घरात जमायलाच हव्यात अशा नऊ गोष्टी, त्याही महत्त्वाच्या क्रमानं. पहिली, पाच वर्षांखालच्या मुलाला रोज आंघोळ घालता येणं. मग कपडे-अंथरूण धुणं, मग सांडपाणी नीट वाहून जाणं. अन्न चौथ्या क्रमांकावर!

क्रम असा का? खरूज खाजवून कातडीवर जखमा होतात, जखमांत स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरतात, आणि त्यातून मुलांची मूत्रपिंडं सुजतात. हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिज्वरही याच जंतूमुळे येतो. म्हणजे बाथरूममधला बंद नळ काही वर्षांनी थेट हृदयाच्या ऑपरेशनपर्यंत नेऊ शकतो.

तपासणी मला फार आवडते, म्हणून सविस्तर सांगते. पथकात बहुतेक जण त्याच वस्तीतले, शिकवून तयार केलेले. आधी वीज: प्लगमध्ये टेस्टर घालून अर्थिंग आहे का, सेफ्टी स्विच पडतो का. मग बाथरूम. शॉवर सोडायचा, गरम पाणी थर्मामीटरनं मोजायचं, धार बघायची. बेसिन भरून बूच काढायचं आणि पाणी जातं की तुंबतं ते पाहायचं. फरशीचा उतार जाळीकडे आहे की उलटा, तेही. जीव घेऊ शकेल असा बिघाड, म्हणजे वीज आणि गॅस, सगळ्यात आधी. त्यानंतर आंघोळीचं सगळं. रंगरंगोटी यादीत खाली.

बिघडतं काय, हे पुण्यात वाघोलीकडच्या बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना सांगायला नको. क्षार गीझरच्या कॉइलवर थर धरतात, कॉइल जळते. तेच क्षार नळाच्या बैठकीवर साचतात, मग कितीही आवळा, वॉशर बसत नाही आणि नळ गळत राहतो.

हजारो घरं तपासून बिघाडांची कारणं मोजली, तेव्हा सुमारे 70 टक्के बिघाड नेहमीची देखभालच न झाल्यामुळे निघाले, 20 टक्क्यांच्या आसपास मूळ बांधकामातल्या चुकांमुळे. राहणाऱ्यांनी मोडलं-तोडलं असे 10 टक्क्यांहूनही कमी.

इथं मला पुणं आठवतं. कोथरूडच्या सोसायटीत पंप बंद पडला तर आपण मेंटेनन्सवाल्याला फोन लावतो. सभासदांना पंप वापरण्याची अक्कल नाही, असं कुणी म्हणत नाही. मुळशी-मावळातल्या कातकरी वाडीवर मात्र तेच वाक्य पहिलं येतं: घरकुलं दिली, पण यांना राहताच येत नाही. पीएम जनमन या केंद्र सरकारच्या आदिवासींसाठीच्या योजनेत घर बांधायला 2 लाख रुपये मिळतात. पण दोन वर्षांनी त्या घराचा नळ गळू लागला, तर एका वॉशरसाठी वाडीपर्यंत कोण जाणार?

याचा अर्थ मी राहते तिथं, ऑस्ट्रेलियात, सगळं आदर्श आहे असा मुळीच नाही. इतका पैसा असलेल्या देशात खुपरी (ट्रॅकोमा, डोळ्यांचा संसर्ग) अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती, तीही फक्त आदिवासी वस्त्यांमध्ये. भारतानं खुपरी हटवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्येच मान्य केलं. गावातल्या बाईला शिकवून नवजात बाळ घरीच वाचवता येतं, हे गडचिरोलीत बंग दांपत्यानं दाखवून दिलं, आणि तीच पद्धत आज आशाताई देशभर वापरतात. तेव्हा परदेशात राहून घरच्यांना नावं ठेवते आहे, असं कृपया समजू नका. जे इथं नीट जमलंय तेवढंच सांगते. न्यू साउथ वेल्स राज्यात दहा वर्षांच्या कामाचा हिशेब 2010 मध्ये मांडला गेला: ज्या घरांत अशी दुरुस्ती झाली, तिथल्या लोकांना संसर्गजन्य आजारांसाठी रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण, दुरुस्ती न झालेल्या घरांतल्या आदिवासींपेक्षा 40 टक्क्यांनी कमी होतं. औषध तेच, डॉक्टर तेच.

दिवाळीत फराळ आणि जुने कपडे घेऊन वाड्यांवर जाणारे बरेच गट पुण्यात आहेत. या वेळी एका पिशवीत अर्ध्या इंची वॉशर, टेफ्लॉन टेप, दोन पाने (स्पॅनर), टेस्टर आणि एक-दोन जादा तोट्या टाका. सोबत प्लंबर न्या. वाडीतल्या दोन-तीन पोरांना त्याच्या हाताखाली वॉशर बदलायला शिकवा, आणि येताना पिशवी तिथंच ठेवून या.